मार्गळीतले चेन्नई : दोन दिवसांत काय ऐकावे, कसे ऐकावे

प्रश्न ठाण्याच्या एका ताईंचा आहे. त्या, त्यांची मैत्रीण आणि अडुसष्ट वर्षांची आई अशा तिघी डिसेंबरातल्या एका शनिवार-रविवारी चेन्नईचा मार्गळी महिन्यातला संगीत-हंगाम ऐकायला जाणार आहेत. आईंना भीमसेनजी आणि नाट्यसंगीत प्राणाहून प्रिय. कर्नाटक संगीत मात्र तिघींपैकी कुणीच कधी नीट बसून ऐकलेले नाही. आईंचे गुडघे दुखतात. शुक्रवारी निघून सोमवारी सकाळी परतायचे आहे, आणि एवढ्या वेळात जास्तीत जास्त मैफली कशा बसवायच्या, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, मी पुण्यात गाणे शिकवते आणि गेली वीसेक वर्षे डिसेंबरात चार-पाच विद्यार्थ्यांना घेऊन चेन्नईला जाते. तुमच्या प्रश्नातला 'जास्तीत जास्त' हा शब्द आधी काढून टाका. हंगामात या शहरात एका दिवसात डझनावारी मैफली चालू असतात, सकाळपासून रात्रीपर्यंत. पहिल्या वर्षी मी वेळापत्रक हातात घेऊन एका दिवशी चार मैफलींना गेले. चौथ्या मैफलीत एका थोर गायिकेने तासभर शंकराभरणम् हा राग मांडला आणि मला त्यातला एकही स्वर आठवत नाही. कान भरून गेले होते. त्यानंतर मी नियम केला: दिवसाला दोन मैफली, त्यातली एक पूर्ण लांबीची, आणि दोन्ही एकाच भागात. तुमच्या सगळ्या बेताला हाच पाया ठेवा.

आता तारखा. हंगामाची सुरुवात १९२७ पर्यंत मागे जाते. त्या डिसेंबरात मद्रासला काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याला जोडून अखिल भारतीय संगीत परिषद झाली आणि तिच्यातून १९२८ साली म्युझिक अकॅडमी उभी राहिली. अकॅडमीची परिषद आणि मैफली साधारण १५ डिसेंबर ते १ जानेवारी असतात. बाकीच्या सभा नोव्हेंबरच्या शेवटापासूनच सुरू होतात. ('सभा' म्हणजे इथे मैफली भरवणारी संस्था. एखाद्याने 'आज कुठल्या सभेला?' असे विचारले तर गोंधळू नका.) डिसेंबरचा पहिला पंधरवडा टाळा, कारण ईशान्य मोसमी पावसाचा जोर तेव्हा असू शकतो. डिसेंबर २०१५ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये शहर पाण्याखाली गेले होते. नाताळानंतरच्या आठवड्यात परदेशातले तमिळ रसिक आलेले असतात, विमाने आणि खोल्या महागतात. म्हणून २० डिसेंबरच्या आसपासचा शनिवार-रविवार सर्वांत बरा. फक्त त्या वर्षीच्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या तारखा आधी बघून घ्या. त्या पुढेमागे होतात, आणि आईंना सवाई चुकवायला लावून चेन्नईला नेणे मला तरी जमणार नाही.

रेल्वेने जायला मलाही आवडते. पुणे, सोलापूर, वाडी, गुंतकल अशी ती वाट आहे. पण एका बाजूचा जवळजवळ पूर्ण दिवस जातो, शनिवार-रविवारच्या बेतात तो बसत नाही. विमानाने जा, पण शुक्रवारी रात्री नव्हे, दुपारी. अर्ध्या दिवसाची रजा काढा. संध्याकाळी पोहोचून जेवून नऊला झोपायचे आहे, कारण शनिवारी पहाटे पाचला उठायचे आहे. ते का, ते पुढे सांगते.

राहायची जागा मायलापूर, अल्वारपेट किंवा रॉयपेट्टा यांपैकीच घ्या. विमानतळाजवळ स्वस्त मिळते म्हणून तिकडे राहू नका. अकॅडमी टीटीके रोडवर आहे, त्याच रस्त्यावर दीडेक किलोमीटर दक्षिणेला अल्वारपेटमध्ये नारद गान सभा आहे. तिथून पूर्वेला मायलापुरात भारतीय विद्या भवन, मायलापूर फाइन आर्ट्स क्लब, रसिक रंजनी सभा, आणि मायलापुरातल्याच लझ या भागाच्या आसपास रागसुधा आणि शास्त्री हॉलसारखी लहान सभागृहे. एवढ्या चिमुकल्या पट्ट्यात तुमचे दोन दिवस आरामात जातील. त्यागराय नगरमधल्या वाणी महाल आणि कृष्ण गान सभा या दोन्ही मोठ्या परंपरेच्या जागा आहेत, पण त्या भागात खरेदीची गर्दी उसळलेली असते. संध्याकाळी पाचनंतर मायलापूरहून तिकडे निघणे म्हणजे मैफलीचा पहिला तास रस्त्यावर घालवणे. मी एकदा तो घालवला आहे. त्यातून लझ आणि मायलापूरच्या रस्त्यांवर गेली काही वर्षे मेट्रोची खोदाई चालू आहे, वळणे बदलत राहतात. आईंसाठी अॅपवरून ऑटो मागवा आणि जिथे जायचे त्याच्या पाऊण तास आधी निघा, अंतर दोन किलोमीटर असले तरी.

खोली नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच धरून ठेवा. मैफलींची वेळापत्रके नोव्हेंबरच्या शेवटाकडे बाहेर येतात, तिकिटेही तेव्हाच. नावाजलेल्या गायकांची तिकिटे उघडल्या उघडल्या संपतात, अकॅडमीत तर बऱ्याच खुर्च्या सभासद आणि हंगामी तिकीटवाल्यांच्या असतात. नाही मिळाले तर हळहळू नका. हंगामातला माझा सर्वांत आवडता भाग फुकटच असतो: दुपारच्या मैफली. बाराला, दोनच्या सुमाराला वीस-बावीस वर्षांची मुले-मुली गायला बसतात. बहुतेक ठिकाणी तिकीट नसते, सभागृह अर्धे रिकामे असते, आणि समोर पहिल्या रांगेत त्या मुलांचे गुरू मांडीवर ताल धरून बसलेले असतात. त्या पोरांची तयारी आणि त्यांचे घाबरणे दोन्ही इतक्या जवळून दिसते की माझे विद्यार्थी तिथून बाहेर पडताना एकमेकांशी बोलत नाहीत, गुणगुणत असतात. आज गाजणारे किती तरी कलाकार याच दुपारच्या बैठकीतून वर आले आहेत.

तुमचा शनिवार असा धरा. मार्गळी म्हणजे आपला धुंधुरमास. साधारण १६ डिसेंबरला सूर्य धनु राशीत जातो तिथपासून संक्रांतीपर्यंत. आपल्याकडे पहाटे खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी असा नैवेद्य करून उजाडताना जेवायची रीत अजून काही घरांत आहे. तिकडे पहाटे अंगणात मोठमोठी कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या रांगोळ्या, काढतात, देवळात संत कवयित्री आंडाळच्या तिरुप्पावैच्या तीस पदांतले रोज एक म्हणतात आणि गरमागरम पोंगल वाटतात. आईंनी धुंधुरमास पाहिला असेल तर त्यांना काही समजावून सांगावे लागणार नाही. साडेपाचपर्यंत कपालीश्वर मंदिराभोवतालच्या माडा रस्त्यांवर या. माडा म्हणजे देवळाला वेढा घालणारे चार रस्ते. तिथे टाळ, मृदंग घेऊन भजनी मंडळी प्रदक्षिणा घालत निघतात. पापनाशम् शिवन यांच्यासारख्या थोर रचनाकाराने हे मार्गळी भजन वर्षानुवर्षे या रस्त्यांवर चालवले. आईंना सगळी प्रदक्षिणा करायला लावू नका. एखाद्या पायरीवर बसवा, मंडळी त्यांच्यासमोरूनच जातील. देऊळ दुपारी बंद असते, म्हणून दर्शन तेव्हाच उरका.

नाश्त्याला जवळच्या रायर मेसमध्ये किंवा ईस्ट माडा रस्त्यावरच्या कर्पगांबाळ मेसमध्ये जा. मग ज्या मैत्रिणीला उत्साह असेल तिने आठच्या सुमाराला अकॅडमीतले सकाळचे सप्रयोग व्याख्यान गाठावे. विद्वान मंडळी एखाद्या रागाचे, एखाद्या जुन्या पाठाचे गाऊन-वाजवून विवेचन करतात, बहुधा इंग्रजीत, आणि प्रवेश खुला असतो. आईंनी त्या वेळी खोलीवर जाऊन पाय पसरावेत. ही विश्रांती चैन समजू नका, संध्याकाळचे अडीच तास यावरच उभे आहेत.

दुपारचे जेवण सभेच्या कँटीनमध्ये करा. डिसेंबरात मोठ्या सभांच्या आवारात मांडव पडतात, केळीच्या पानावर पंगत बसते (तमिळमध्येही तिला 'पंदि' म्हणतात), आणि कुठल्या सभेचा स्वयंपाकी यंदा कोण यावर तिथे गायकांइतकीच चर्चा चालते. पहिल्या पंगतीला जा. एकनंतर रांग लांबते आणि उभे राहणे आईंना त्रासाचे होईल. जेवून दोनची तरुण मैफल ऐका, मग पुन्हा तास-दीड तास विश्रांती, कॉफी, आणि साडेसहा-सातची मुख्य मैफल. शनिवारची गायनाची ठेवा, रविवारची वाद्याची: वीणा, व्हायोलिन, बासरी किंवा नागस्वरम्. नागस्वरम् मिळाले तर डोळे मिटून तेच घ्या. आपली सनई लहान आणि नाजूक, हे तिच्याहून मोठे, घनगंभीर वाद्य, जोडीला तविल हा ढोल. देवळाच्या मोकळ्या आवारासाठी घडलेला तो आवाज आहे.

बाल्कनीचे तिकीट स्वस्त असते, पण जिने चढावे लागतात. आईंसाठी खालच्या मजल्यावरची, मधल्या वाटेलगतची खुर्ची घ्या. आणि शाल न्या. बाहेर चेन्नईत डिसेंबरातही दुपारी तीस अंशांच्या आसपास असते, आत वातानुकूलन मात्र सढळ हाताने सोडतात. मैफल चालू असताना आत-बाहेर करायचे असेल तर दोन रचनांच्या मध्ये.

आता खरे महत्त्वाचे. ऐकायचे कसे? आपल्या कानाला पहिला धक्का बसतो तो लांबीचा. आपण एका यमनात तासभर बसणारी माणसे. तिथे अडीच तासांत आठ-दहा रचना होतात. हा आराखडा अरियक्कुडी रामानुज अय्यंगार यांनी (१८९०–१९६७) रूढ केला. सुरुवातीला वर्णम् हा बांधेसूद, दोन लयींत गायचा प्रकार, मग छोट्या कृती (म्हणजे तिकडच्या बंदिशी), मग मध्यावर मुख्य राग, शेवटी हलकी पदे. मुख्य राग आला की ओळखू येतो, कारण गायक आलापना लांबवतो, मग व्हायोलिनवाला तोच राग एकट्याने मांडतो, मग कृती येते. त्या कृतीची एक ओळ धरून तिची रागात वेगवेगळी मांडणी करतात, त्याला निरवल म्हणतात. आपल्या बोलबढतीशी त्याचे नाते लगेच जाणवते. त्यानंतर कल्पनास्वर, म्हणजे तालात बसवलेली सरगम. त्यानंतर 'तनि आवर्तनम्': मृदंगम् आणि घटम्, खंजिरी किंवा मोरसिंग यांचे दहा-पंधरा मिनिटांचे एकल वादन. याच वेळी निम्मे सभागृह कॉफीला उठते. तुम्ही उठू नका. खरा हिशेब, खरी मौज तिथेच असते, आणि शेवटच्या तिहाईसारख्या आवर्तनाला सगळे परत कसे समेवर येतात हे पाहायला मिळते.

ताल हातावर धरायला विमानातच शिका. सर्वांत जास्त कानावर येणारा आदि ताल आठ मात्रांचा: एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधले बोट, मग टाळी आणि पालथा हात, पुन्हा टाळी आणि पालथा हात. सगळे सभागृह मांडीवर हे करत असते. तुम्ही तिघी त्यात सामील झालात की गाणे एकदम जवळ येते. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: एखादी जागा आवडली की शेजारचे काका जिभेने 'च्च, च्च' करतील. आपल्याकडे ती हळहळ, तिकडे ती दाद. माझ्या एका विद्यार्थिनीला वाटले गायिकेचे काही तरी चुकले.

रागांची नावे फसवतात. ओळखीच्या पायवाटा अशा: मोहनम् म्हणजे आपला भूप, हिंदोळम् म्हणजे मालकंस, कल्याणी म्हणजे यमन, शुद्ध सावेरी म्हणजे दुर्गा, मध्यमावती म्हणजे मधमाद सारंगाच्या वळणाचा. वेळापत्रकात किंवा शेजाऱ्याच्या तोंडी 'तोडी' ऐकू आली तर आपल्या तोडीची वाट पाहू नका. ते स्वर आपल्या भैरवीचे आहेत. आणि त्यांचा भैरवी वेगळाच राग आहे. आपल्या भैरवीच्या वळणाचे काही हवे असेल तर शेवटच्या हलक्या पदांत सिंधुभैरवी येते. स्वरही आपल्यासारखा स्थिर ठेवलेला नसतो, प्रत्येक गांधार, प्रत्येक निषाद गमकातून, झुलत येतो. पहिल्या अर्ध्या तासात आईंना वाटेल की सूर लागत नाहीत. त्यांना सांगा, अब्दुल करीम खाँसाहेबांना हेच गाणे आवडले होते.

हे मी मन राखायला सांगत नाही. मिरजेचे खाँसाहेब दक्षिणेत पुष्कळ फिरले, कर्नाटक संगीत मनापासून ऐकले, तिकडचे थोर रचनाकार त्यागराज यांची रचना स्वतः गायले, आणि त्यांच्या सरगमेवर त्या ऐकण्याची छाप पडली. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे भीमसेनजी. म्हणजे आईंनी आयुष्यभर जे ऐकले त्याच्या मुळाशी या शहराचे काही तरी आहेच. १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना खाँसाहेबांची प्रकृती बिघडली, ते सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्टेशनवर उतरले आणि तिथेच गेले. सांगतात की फलाटावर अंथरूण घालून त्यांनी तंबोरा लावायला सांगितला आणि दरबारीत ईश्वराचे नाव घेतले. चेंगलपट्टूकडे जाणाऱ्या लोकलने ते स्टेशन शहरापासून सव्वा तासाच्या आसपास आहे. दोन दिवसांत तिकडे जा असे मी म्हणणार नाही, पण आईंची इच्छा असेल तर रविवारची दुपारची मैफल सोडून द्या आणि जाऊन या. मी गेले आहे. पाहण्यासारखे तिथे काही नाही. फलाटावर दहा मिनिटे बसले आणि परतीची गाडी धरली.

मराठीचा धागा आणखीही आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांच्यापासून तंजावरला भोसल्यांचे राज्य होते. त्याच राज्यात त्यागराज (१७६७–१८४७), श्यामा शास्त्री आणि मुत्तुस्वामी दीक्षितर हे कर्नाटक संगीताचे तिन्ही थोर रचनाकार झाले. आपले कीर्तन तंजावरला पोहोचले आणि तिथल्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग या नावांसकट मुरले. आज मैफलीच्या शेवटच्या अर्ध्या तासात अभंग येतो तो असा. मुंबईत वाढलेल्या अरुणा साईराम यांनी तो पुन्हा घराघरांत नेला. गायक तमिळ, श्रोते तमिळ, आणि एकदम विठ्ठलाचे नाव आले की सगळे सभागृह टाळ्यांचा ठेका धरते. उच्चार आपल्या कानाला किंचित वेगळे लागतील. ते दुरुस्त करायला जाऊ नका, नुसता ठेका धरा.

रविवारी पहाट नको. उशिरा उठा, मायलापुरात नुसते चाला, देवळाजवळच्या गिरी ट्रेडिंगमध्ये आदल्या दिवशी ऐकलेल्या कृतींची पुस्तके मिळतात का पाहा. देवनागरीतही काही मिळतात. दुपारी एक छोटी मैफल, संध्याकाळी वाद्याची मुख्य मैफल. आदल्या रात्री ऐकलेला एखादा राग पुन्हा कुणी घेतला तर तुम्हाला तो ओळखू येईल, आणि त्या क्षणी आईंचा चेहरा बघा.

नऊच्या सुमाराला मैफल संपताना 'मंगलम्' म्हणतात. आपली जशी भैरवी. त्याआधी पर्स, शाल आवरू नका, ऑटो मागवू नका. मध्यमावतीत शेवट केला की गाण्यातल्या चुकांचे दोष फिटतात अशी तिथली समजूत आहे, त्यामुळे अनेक जण मंगलमच्या आधी तो राग थोडा तरी गातात. सोमवारचे विमान सकाळी आठनंतरचे घ्या, म्हणजे विमानतळापर्यंत मेट्रोने जाता येईल. तुमच्या खोलीपासून टेनामपेट किंवा एजी-डीएमएस स्थानकापर्यंत ऑटो, पुढे सरळ गाडी. त्याआधीचे विमान असेल तर रात्रीच टॅक्सी सांगून ठेवा. आईंचे तिकीट काढताना चाकाच्या खुर्चीची सोयही मागून घ्या, त्या नको म्हणाल्या तरी.